भिंतीवर अकरा सेकंद

शहराला दोनशे वर्षं झाली म्हणून नगरभवनाच्या भिंतीवर प्रकाशातून शहराचा इतिहास दाखवायचं ठरलं. प्रोजेक्टर सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. चित्रं खिडक्या-कमानींवर नेमकी बसवण्यात आठवडा गेला.

पहिल्या संध्याकाळी तिने वडिलांनाही सोबत आणलं. त्यांना घरी एकटं ठेवण्यात आता अर्थ नव्हता. डोळ्यावरचा चष्मा शोधायला ते शेजाऱ्यांची दारं ठोठावायचे.

अंधारलं तसा खेळ सुरू झाला. घोडागाड्या गेल्या, गिरणी गेली, मग जुन्या फिल्ममधलं पुलाचं बांधकाम आलं. एक तरणा मजूर खांद्यावर घण टाकून वळला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. चार मजले उंच.

बाबा खुर्चीवरून उठले. "दादा!"

मोठे काका त्याच पुलावरून पडले होते, तिच्या जन्माच्या किती तरी आधी. नदीने त्यांना परत दिलंच नाही. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

"दादा, उतर ना खाली! केव्हाचा थांबलोय मी!" बाबा दोरी ओलांडून निघाले. लोक हसले, त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. तोवर पूल बांधून झाला, भिंतभर दारूकाम उडालं. ती धावत पोचली तेव्हा बाबा दगड चाचपत होते.

"चित्र होतं ते, बाबा."

"माझा भाऊ मला कळत नाही?" मग ते एकदम नरमले. "परत बोलव की गं त्याला."

खेळ नऊ दिवस चालला. एकदा तिने त्यांना शेजारणीकडे ठेवलं, तर ते दारातच उभे राहिले. दादा वाट बघत असेल म्हणून पाणीही घेईनात. मग ती त्यांना रोज आणू लागली. रोज त्यांना भाऊ भेटायचा, रोज जायचा. आणि आदल्या दिवशी तो निघून गेल्याचं त्यांना आठवायचं नाही.

"तेवढं चित्र एकदाच थांबवू का?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

"सगळं संगीताला बांधलंय, ताई. त्या चित्राला अकरा सेकंदच आहेत."

नऊ दिवस संपल्यावर तिने तो तुकडा मागून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपवर लावला. बाबांनी वाकून पाहिलं.

"हसरा आहे पोरगा. कुणाचा?"

"तुमचा दादा, बाबा."

"काहीतरीच! दादा एवढासा असतो का?"

तिने पुन्हा लावलं, मोठं करून लावलं. बाबा कंटाळून उठले. संध्याकाळी मात्र ते बूट घालून तयार. तिने परोपरीने समजावलं, शेवटी हात टेकले आणि घेऊन गेली.

भिंत कोरी होती. समोरून माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती. बाबा मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

"आज उशीर होतोय त्याला," असं म्हणून ते पायरीवर बसले.

तीही शेजारी बसली. घरी चला म्हणायला तिची जीभ रेटेना.