बोरीचा धुरा

आमच्या तांड्यावर धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं, भांडण झालं की माणसं आधी माझ्या सासऱ्यांकडे येतात. किसनसिंग कारभारी. दोन वावरांच्या मधोमध उभे राहून ते सांगतात, मूळ हद्द कुठून गेलती आणि नांगर कोणी आत घातला. ज्याची चूक निघेल त्यानं फेटा उतरवून समोरच्याच्या पायाशी ठेवायचा, ही रीत. नवी सून असताना मी हे पाहिलं आणि यवतमाळच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं, माझे सासरे असे आहेत. अजूनही सांगते. कारण मात्र आता वेगळं आहे.

माझ्या सासूबाई, सुखीबाई, शेवटच्या आजारपणात ख्रिस्ती झाल्या. बाभुळगावचे हिरासिंग पास्टर तेव्हापासून दर रविवारी आमच्या ओसरीवर प्रार्थना घेतात. सासूबाई गेल्या तरी ते बंद पडलं नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून ऐकायचे, भजनाला टाळ्याही वाजवायचे. पण पापाचा विषय निघाला की बैलांना पाणी पाजायला उठून जायचे. एकदा त्यांनी पास्टरांना तोंडावर विचारलं, "चोरी नाही, दारू नाही, कोणाच्या घासात हात नाही. मले कायची माफी मागाले लावता?"

पास्टर हसले आणि पुढचं भजन म्हणू लागले. मला तर मामाजींचंच पटलं होतं. पाप करणारी माणसं वेगळी असतात, आपण त्यातले नाही, असं मी धरूनच चालले होते.

गेल्या जानेवारीत तूर निघाली आणि मी निकिताला घेऊन वावरात गेले. माझी चार वर्षांची पोर. तुरीची खुंटं पायात शिरतील म्हणून मी तिच्या पुढं पुढं जमीन बघत चालत होते. आमच्या वावरात बोरीचं एक झाड होतं. त्याच्यापासून जरा दूर, धुऱ्याच्या पलीकडं, तानाबाई उभ्या होत्या. गावातल्या एका कुणब्याच्या विधवा, धुऱ्यापलीकडचं वावर त्यांचं. ती बोर त्यांच्या नवऱ्यानं लावलेली. त्यांनी निकिताला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाई, तुह्या आजाले विचार बरं, चार बोरं वेचू काय म्हणा."

निकिता धावत गेली आणि मामाजींना जसंच्या तसं विचारलं. मामाजींनी तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला. त्यांनी बोरीकडं बघितलं. मग मानेनंच हो म्हणाले. त्या दुपारी त्यांनी भाकरीचा तुकडासुद्धा मोडला नाही.

ती बोर मूळची धुऱ्याच्या ऐन मधोमध होती. पण दर उन्हाळ्यात नांगरताना एखादं तास, नांगराची एक रेघ, पलीकडं सरकवायचं, पुढच्या वर्षी आणखी एक. याला आमच्याकडं धुरा कोरणं म्हणतात. असं करत करत धुरा बोरीच्या पलीकडं गेला आणि झाड चार पावलं आमच्या वावरात आलं. तानाबाईंकडून भांडायला कोणी नव्हतं. आणि भांडण सोडवणारे आमचेच मामाजी.

हे मला माहीत होतं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी राजकुमारनं आणि मी त्या बोरीखाली फोटो काढला होता. बुंध्याच्या दोन्ही अंगांना धुऱ्याचं गवत स्पष्ट दिसतं. तो फोटो समोरच्या खोलीत टांगलेला होता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तो पुसताना माझ्या ध्यानात आलं की धुरा सरकला आहे. मी तो उतरवला, पेटीत साड्यांखाली ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, काच फुटली. कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं.

रविवारी पास्टर आले तेव्हा मामाजी उठून गेले नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी धुऱ्याचं सांगितलं. मग म्हणाले, आधी जमीन परत करतो, मग देवासमोर तोंड दाखवायच्या लायकीचा होईन.

पास्टर म्हणाले, "उलटं आहे कारभारी. जमीन देऊन माफी भेटत नाही. ती माफी येशूनं आपला जीव देऊन आधीच मिळवून ठेवली आहे तुमच्यासाठी. ती भेटली म्हणजे जमीन हातात ठेववत नाही."

मामाजी खाटेवरून उतरून खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. प्रार्थना येत नव्हती त्यांना. "मी चोर आहे, देवा, मले घे," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी सगळा तांडा वावरात बोलावला. तानाबाईही आल्या, बावरलेल्या. मामाजींनी त्यांच्यासमोर लाल फेटा उतरवून ठेवला. "वयनी, सहा वर्षं मी तुमचा धुरा कोरला."

राजकुमार चिडला. माझा नवरा वाईट नाही, पण त्याला तांड्यासमोर बापाचं उघडं डोकं बघवत नव्हतं. तो म्हणाला, "धुरा तं साराच गाव कोरते, बा. अन् बोर आपल्याच वावरात होती. म्हातारपणी तुमाले काही आठवत नाही."

कोणीतरी हसलं. दोघंतिघं राजकुमारच्या बाजूनं बोलू लागले. तानाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या कारभारी. तुमच्या घरात भांडण नको माह्यापायी." मामाजी उघड्या डोक्यानं एकटे उभे होते. ज्यांचा शब्द तांडा डोळे मिटून मानायचा, त्यांचा खरा शब्द त्या दिवशी कोणी मानायला तयार नव्हतं.

मी निकिताचा हात धरला होता. उद्या हिला पोरं काय म्हणतील, नवरा घरी गेल्यावर काय बोलेल, सगळं डोक्यात येऊन गेलं. फोटो माझ्या पिशवीत होता. सकाळी पेटीतून काढला होता, दाखवायची हिंमत होईल की नाही हे ठरलं नव्हतं. मी तो काढून तांड्याच्या नायकांच्या हातात दिला.

"हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो," मी म्हणाले. "मामाजी खरं सांगून राह्यले. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. लपवला मीच."

राजकुमारनं फोटो हातात घेतला, बघितला. मग तो बैल जुंपायला गेला. बोरीच्या बुंध्यापासून सरळ, जुन्या हद्दीवरून, तास त्यानंच ओढलं.

फेब्रुवारीत बेंबळा नदीच्या पाण्यात मामाजींचा बाप्तिस्मा झाला. काठावर तांड्यातली बरीच माणसं होती, काही टोमणे मारायलाच आलेली. एकानं विचारलं, कारभारी, फेटा कुठं हरवला? मामाजी म्हणाले, "हरवला नाही. ठेवला." आणि पांढऱ्या उघड्या डोक्यानं पाण्यात उतरले. नवी सून असताना मला त्यांचा जो अभिमान वाटला होता, तो या दिवसापुढं काहीच नव्हता.

घरी येताना निकितानं बोरीखाली तानाबाईंना पाहिलं. त्या कोणाला न विचारता बोरं वेचत होत्या. निकितानं मला विचारलं, मी जाऊ का. मी म्हटलं, "मला नको, त्यांना विचार."