सायकलीचं दुखणं

वर्गातल्या खुर्चीवर प्रतिभा आठवड्यापासून बसली नव्हती. चौथीच्या पोरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. पण मधल्या सुट्टीत सोबतच्या अर्पिता मॅडमनी डबा उघडता उघडता विचारलंच, "मॅडम, तुमी बसत काऊन नाई?"

"दिवसभर बसूनच तर शुगर झाली," प्रतिभा म्हणाली आणि उभ्यानंच भाकर संपवली.

शुगर दसऱ्याच्या सुट्टीत निघाली होती, चव्वेचाळिसाव्या वर्षी. रिपोर्ट वाचताना तिच्या डोळ्यांपुढे आधी आली ती तिची माय, रुक्माबाई. तिलाही शुगरच. कापूस वेचायच्या दिवसांत पायाच्या अंगठ्याला फोड आला, तो मायनं वीस दिवस फडक्यात बांधून झाकून ठेवला. शेवटी नागपूरला नेऊन डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून माय आदिलाबादला प्रतिभाकडंच होती. अडाणी होती बिचारी, तिला कळलं नाही, असं प्रतिभा इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, प्रतिभानं सायकल काढली. हायस्कूलला असताना वस्तीतून सायकलवर जाणारी ती एकटीच मुलगी होती. मुलगा हर्षदीप हैदराबादला शिकायला गेल्यापासून त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. जैनथ रस्त्यावरची तिची शाळा घरापासून नऊ किलोमीटर. नवरा विनय म्हणाला, "आधी दोन किलोमीटर जाऊन बघ. पंचवीस वर्षं झाली सायकल सुटून." त्यानं तसं म्हटलं म्हणूनच असेल, ती पहिल्याच दिवशी जाऊन-येऊन अठरा किलोमीटर करून आली. शाळेत मुख्याध्यापक रामाजी सरांनी प्रार्थनेच्या वेळी पोरांपुढं तिचं कौतुक केलं.

पहिले तीन दिवस बूड ठणकलं. ते सगळ्यांचंच ठणकतं, हे तिला ठाऊक होतं. चौथ्या दिवसापासून दुखणं निराळं झालं. सीट अरुंद आणि दगडासारखी कडक, सलवारीची जाड शिवण नेमकी तिथंच, आणि घामानं ओला झालेला कपडा चार वाजेपर्यंत अंगावर. जांघेत सालटं निघालं. तिनं पावडर लावली, मग खोबरेल लावलं, पण सायकल थांबवली नाही. दहाव्या दिवशी तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली. पंधराव्या दिवशी ती बोराएवढी झाली होती आणि हाताला गरम लागत होती.

सांगणार कुणाला? विनय ऑफिसच्या कामानं निर्मलला गेला होता, आणि तो काय म्हणणार हे तिला आधीच ऐकू येत होतं. दवाखान्यात पुरुष डॉक्टर. शनिवारी शिक्षणाधिकारी शाळेच्या तपासणीला येणार होते. तपासणी होऊ दे, मग बघू, असं तिनं ठरवून टाकलं.

गुरुवारी शाळेतून परतताना ती बराचसा रस्ता पायडलवर उभी राहूनच आली. कापसानं भरलेला ट्रॅक्टर मागून आला, तिनं सायकल कडेला घेतली आणि चाक खड्ड्यात गेलं. ती धाडकन सीटवर आदळली. डोळ्यांपुढं अंधारी आली. लिंबाच्या झाडाला टेकून ती उभी राहिली, तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओढणीचं टोक दातांत धरून. ट्रॅक्टरवाल्यानं थांबून तेलुगूत विचारलं, "एमायिंदि मॅडम?"

"एम लेदु," ती म्हणाली. काही नाही. घरी आल्यावर मायनंही काय झालं म्हणून विचारलं, तिला मराठीत तेच सांगितलं.

शनिवारी सकाळी अंगात कणकण होती. तापाची गोळी घेऊन ती पर्स उचलून दाराशी आली आणि थबकली. रुक्माबाई उंबऱ्यात बसली होती. नकली पाय काढून तिनं बाजूला ठेवला होता. पाठ चौकटीच्या एका बाजूला, उरलेला पाय दुसऱ्या बाजूला लावलेला.

"माय, सरक. उशीर होऊन राह्यला."

"कुठं झालं?"

"काय कुठं?"

"आठ दिवसांपासून तू उभ्यानं जेवून राह्यली. झोपते त पालथी. काल पाठीले हात लावला, तव्यावानी तापली होती. कुठं झालं, सांग."

"सायकलनं अंग दुखते. सगळ्याईचं दुखते."

"मंग दाखव."

"लहान हाव का मी, दाखवाले?" प्रतिभाचा फोन वाजायला लागला. मुख्याध्यापक होते. तिनं फोन कापला. "माय, आज साहेब येणार हायेत. सरक म्हणते ना."

रुक्माबाई हलली नाही. प्रतिभानं तिला ओलांडायला पाय उचलला आणि जांघेतून अशी कळ गेली की पाय तसाच खाली आला. त्या कळीच्या रागात ती बोलून गेली, "मी तुह्यावानी नाई. मी शिकलेली हाव. कवा दवाखान्यात जायचं, मले समजते."

रुक्माबाईनं बाजूचा नकली पाय जवळ ओढला.

"मलेबी समजत होतं," ती म्हणाली. "वास येत होता त्या फोडाचा. सारं समजत होतं मले. लाज वाटत होती. एवढ्याशा फोडापायी वेचणी सोडून बसली, म्हनतीन बाया. म्हनून बांधून ठेवला."

प्रतिभानं पर्स खाली ठेवली. मग मायला काखेत हात घालून उठवलं आणि दोघी मधल्या खोलीत गेल्या.

रुक्माबाईनं पाहिलं. लाली गाठीपुरती राहिली नव्हती, मांडीवर ओंजळभर पसरली होती. तिनं कपडा हलक्या हातानं परत ओढला. "ऑटो बोलाव," एवढंच ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात शुगर तीनशे चाळीस निघाली. नर्स नीलिमानं पडदा ओढला आणि डॉक्टर आले तरी ती प्रतिभाच्या उशाशीच उभी राहिली. "कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. दोन-तीन दिवस झाले, असं प्रतिभाच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "सालटं निघून चौदा दिवस झाले. गाठ आठ दिवसांपासून हाय."

गळू चिरलं. सुई देऊन जागा बधिर केली होती, तरी नीलिमाचा हात तिनं सोडला नाही. मग डॉक्टरांनी पेनानं लालीच्या काठावरून मांडीवर रेघ ओढली. "लाली या रेघेबाहेर गेली तर मला लगेच कळवायचं," ते नीलिमाला म्हणाले.

रविवारी ताप उतरला नाही. लाली रेघेला टेकून होती. एका जागी ती बाहेर आल्यासारखी नीलिमाला वाटली, तिनं डॉक्टरांना बोलावून आणलं. औषध बदललं, इन्सुलिन वाढवलं. निर्मलहून आलेला विनय खाटेशी उभा राहिला. मग पाण्याची बाटली उचलून भरायला गेला. रुक्माबाई दर तासाला म्हणायची, "पाहू दे." प्रतिभा पाहू द्यायची.

सोमवारी सकाळी नीलिमानं कपडा सरकवला आणि रेघेवर बोट ठेवलं. लाली बोटभर आत सरकली होती. रुक्माबाई भिंतीला टेकून बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला.

तपासणी प्रतिभावाचूनच झाली होती. तिचा वर्ग अर्पितानं सांभाळला होता.

जखम भरायला महिना गेला. त्यानंतर एका संध्याकाळी प्रतिभा सायकल ढकलत बाजारातल्या दुकानात घेऊन गेली. म्हाताऱ्या मिस्त्रीनं विचारलं, "क्या तकलीफ है मॅडम?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. प्रतिभाचे कान तापले. "सीट जांघ में काटती है," ती म्हणाली. "फोडा हुआ था. चिरना पडा."

मिस्त्रीनं मान हलवली, जणू ब्रेक ढिला आहे म्हणून तिनं सांगितलं होतं. त्यानं तिला सायकलवर बसायला लावलं, मागं जाऊन पाहिलं. सीट उंच होती, पायडल मारताना प्रतिभाची जांघ दोन्ही बाजूंना घासत होती. त्यात सीटचं पुढचं टोक आकाशाकडं. त्यानं रुंद सीट बसवली, दोन बोटं खाली घेतली, टोक सपाट केलं. "एक दिन छोड के चलाना," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ती मऊ, बिनशिवणीची चड्डी आत घालून निघाली. रेल्वे फाटकापर्यंत गेली, वळली. परतीच्या वाटेवर थोडं चुरचुरायला लागलं. घर अजून अर्धा किलोमीटर होतं. ती उतरली आणि सायकल हातात धरून चालत घरी आली.