वळणावरच्या तीन खुर्च्या

माईक हातात आला की मी माझा राहत नाही, असं माझी बायको दिपा म्हणते. ती हे कौतुकानं म्हणते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

सेनगावात माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. लग्न असो, प्रचार असो, कबड्डी असो की उरूस, भोंगे माझे आणि बोलणंही माझंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच माझं भांडवल. लोक हसतात, पाहुणे खूश होतात आणि पंचक्रोशीत आपल्यासारखे आपणच, असं मला वाटत राहतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते याच जिभेनं झालं, आणि ते कुणावर ढकलता येईल याचा शोध मी सतरा दिवस घेत होतो.

आमच्याकडे जीपांचा पट भरतो. बैलांच्या शर्यतीला आमच्या भागात पट म्हणतात. मधली काही वर्षं तिच्यावर बंदी होती. तेव्हा काळी-पिवळीच्या ड्रायव्हरांनी आपल्या जुन्या जीपा रानात पळवायला सुरुवात केली. बंदी उठली, बैल परत आले, पण जीपा काही थांबल्या नाहीत. दरसाल सोयाबीन निघालं की संतरामकाकांच्या मोकळ्या रानात गोल रस्ता आखायचा आणि चार-चार जीपा सोडायच्या. संतरामकाका म्हणजे पटाच्या कमिटीचे अध्यक्ष आणि माझे सख्खे चुलते.

बैलांच्या पटात एक रीत आहे. मानकऱ्यांना दोराच्या आत बसवतात, धुरळा अंगावर येईल इतकं जवळ. दोरामागे उभी राहते ती पब्लिक. पाहुण्याला दोरामागे बसवलं तर तो रुसून निघून जातो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. जीपांचा पट सुरू झाला तेव्हा आम्ही हीच रीत उचलली, फक्त बैलांच्या जागी जीपा आणल्या. यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते एकट्या सादिकभाईच्या.

सादिकभाईचं बसस्टँडमागे गॅरेज आहे. वीस वर्षं याच जीपांची पोटं उघडून बसलेला माणूस. पटाच्या दिवशी दोर बांधणं आणि कडेनं जुन्या टायरांची रांग लावणं हे त्याचं काम. यंदा सकाळी मी भोंगे चढवत होतो, तेव्हा तो खाली येऊन उभा राहिला.

"प्रज्ञेशभाऊ, त्या वळणाच्या भायेर खुर्च्या कोणी मांडल्या?"

"मी. पाहुण्यांच्या हायेत."

"उचला त्या. तिकडं मातीच्या ढिगावर मांडा. वळणाच्या भायेर वीस पावलं कोणी नगं. टायर फुटला का जीप वळत न्हाई, सरळ तिकडंच येते."

"पाहुण्यांना ढिगावर बसवू का? बैलांच्या पटात इतकी वर्षं आतच बसून राहिले की!"

"बैल माणूस बघून वळतो, भाऊ. जीपला डोळे नसते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की दहा मिनिटांत मी ते माईकवर खपवलं, सादिकभाईचीच टवाळी करायला. "आपले सादिकभाई म्हणून राहिले, जीपला डोळे नसते! मंग समोरचे दोन हेडलाईट काय भजे हायेत का?" लोक खो-खो हसले. मी आणखी चढलो. "ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसून मोबाईलवर पाहावं!" सादिकभाई टायर ढकलत होता, त्यानं वर पाहिलंही नाही. भर पब्लिकमध्ये एकदा हसं झालेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, माझा धंदाच त्यावर चालतो.

खुर्च्या तीन होत्या. लाल मखमलीच्या, लग्नात नवरा-नवरीला ठेवतो त्या. यायचे होते एक माजी सभापती, सरकारी कामांची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार आणि त्या गुत्तेदाराचा मेहुणा. बारा वाजले, एक वाजला. फोन केला की "निघालोच". दोन शर्यती होऊन गेल्या, तरी त्यांचं निघणं चालूच होतं. व्हिडिओसाठी आम्ही हिंगोलीहून ड्रोनवाला आणला होता. त्यानं मला पडद्यावर दाखवलं. वरून सगळं रान माणसांनी भरलेलं आणि वळणावर तीन लाल खुर्च्या रिकाम्या. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं ते.

"भाऊ, लय वाईट दिसून राहिलं," तो म्हणाला.

मग मी खुर्च्या भरायला घेतल्या. एकीवर रिटायर झालेला एसटीचा कंडक्टर बसवला, दुसरीवर एक किराणावाला. दोघंही बोलावण्याची वाटच बघत होते. तिसरीसाठी नजर फिरवली. मातीच्या ढिगावर वरच्या बंजारा तांड्यातली माणसं उभी होती. त्यांत एक उंच म्हातारा, लाल पागोटं. लाल खुर्चीवर लाल पागोटं व्हिडिओत छान दिसेल, असं मला वाटलं. हा कोण, म्हणून शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, जळबा आडे.

"आणि आता मी आदरपूर्वक विनंती करतो, तांड्याचे ज्येष्ठ मानकरी श्रीमान जळबाजी आडेसाहेब यांना, की त्यांनी मानाच्या खुर्चीवर विराजमान व्हावं!"

म्हातारा हलेना. दुसरा कुणी जळबा आडे आहे की काय, म्हणून तो मागे बघायला लागला. लोकांनी ढोसलं, तेव्हा छातीवर हात ठेवून त्यानं लांबूनच विचारलं, मी? "व्हय, तुमीच!" मी ओरडलो. लोक हसले. तो ढिगावरून उतरला, मध्येच थांबला, पागोटं सोडून पुन्हा नीट बांधलं आणि मगच पुढे आला. मी त्याला शाल घातली, नारळ दिला. तो नारळ त्यानं दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला.

"मानकऱ्यांनी जागचं हलू नये, ड्रोन येऊन राहिला!" हेही मीच म्हणालो.

तिसऱ्या शर्यतीत संतोष नावाच्या ड्रायव्हरच्या जीपचा पुढचा टायर वळणावर फुटला. जीप सरळ आली, सादिकभाईनं सांगितलं होतं तशीच, टायरांची रांग उधळत. कंडक्टर आणि किराणावाला उड्या टाकून पळाले. जळबा आडे पळाला नाही. मी स्टेजवर होतो, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यानं वर ड्रोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उठू का, असं विचारल्यासारखं. माईक माझ्या हातात चालू होता आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी संतरामकाकांनी मला घरी बोलावलं. चहा पाजला. "म्हातारा आपणहून दोराच्या आत शिरला. तू माईकवरून हटकलं, तरी ऐकलं न्हाई. बस, एवढंच सांगायचं."

"काका, ड्रोनचा व्हिडिओ हाये."

"त्याच्यात आवाज असते का?"

नसतो. ड्रोनला डोळे असतात, कान नसतात. आणि ज्यांनी मोबाईलवर काढलं होतं, त्यांनी खालचा आवाज काढून वर गाणी लावली होती. हजार माणसांनी माझं बोलावणं कानांनी ऐकलं होतं, पण ऐकलेलं सांगायला पोलिसात कोण जातो? मी "बरं" म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्या वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरानं हॉटेलात कुणी तरी म्हणालं, "म्हातारा पेलेला व्हता म्हणे." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी जवळून पाहिलेला माणूस. मी मान डोलावली. शाल घालताना मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. बडीशेपेचाच. तरी मी मान डोलावली आणि पुढची भजी उचलली. ती गिळताना मला स्वतःची किळस आली. घरी आलो तर दिपानं विचारलं, "जेवता ना?" आणि मी तिच्यावरच खेकसलो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. बसस्टँडवरून जाताना मी सादिकभाईचं गॅरेज टाळायला लागलो. सतराव्या दिवशी टेम्पो मध्येच बंद पडला आणि जावंच लागलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मुकाट्यानं वायर जोडून दिली आणि हात पुसत म्हणाला, "आज जमादार तांड्यावर जाऊन राहिले, जबाब घ्यायला. म्हातारा आंगठा देणार हाये, माझीच चूक म्हणून."

"काहून?"

"मला काहून इचारता? त्याला इचारा."

मी टेम्पो तसाच तांड्याकडे वळवला. तिथे जाऊन काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं. चढावर दोनदा परत फिरावंसं वाटलं.

जळबा आडे दारापुढे बाजेवर बसला होता. आखूड झालेल्या पायावर गोधडी होती. शेजारी स्टुलावर जमादार कागद मांडीवर घेऊन बसले होते. म्हाताऱ्याची सून रूपाबाई दारात उभी होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं, पण म्हातारा खुलला.

"या, या भाऊ! रूपा, च्या ठेव. साहेब, हेच ते, यांनीच मला बोलावलं व्हतं."

"तेच तर विचारून राहिलो," जमादार वैतागून म्हणाले. "बोलावलं व्हतं का आपणहून गेले व्हते? एक काय ते सांगा."

"लिवा, आपणहून गेलो." म्हाताऱ्याचा चेहरा शांत होता. "सत्तर वरसं झाली मला, साहेब. माझं नाव कोणी भोंग्यावर घेतलं न्हवतं. यांनी घेतलं. मला साहेब म्हणाले, शाल घातली, हजार माणसांपुढं. आता त्यांचंच नाव कागदावर घालून त्यांना कोर्टात वढू? मान देणाऱ्याला असं करते का कोणी?"

"पाय गेला, तरी मान मान करून राहिले!" रूपाबाई आतून तडकली. "लोक म्हणून राहिले, बाबा पेलेले व्हते. ते बी लिवून घ्या."

म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "तेवढं नका लिवू, साहेब. मी दारूला शिवत न्हाई. बाकी चूक माझीच लिवा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "लिहा जमादारसाहेब," मी म्हणालो. "मीच बोलावलं. नाव घेऊन बोलावलं, आन् हलू नका म्हणून बी मीच सांगितलं. ते पेलेले न्हवते."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. जमादारांनी कमिटीची पाहुण्यांची यादी काढली. "यांचं नाव यात न्हाई. मंग काहून बोलावलं?"

वडीलधारे म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला खरं बोलायचं होतं, सगळंच्या सगळं, सतरा दिवसांचं एकदम. आणि कसं सांगू, बोलता बोलता मला त्यातही चव यायला लागली. आपण किती मोकळेपणानं कबूल करतोय, याची. पाहुणे आले नाहीत ते सांगितलं. ड्रोनमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या ते सांगितलं. लाल पागोटं व्हिडिओत छान दिसेल असं वाटलं, तेही सांगितलं. नाव शेजारच्याला विचारून घेतलं आणि मानकरी हे मीच लावलं, हेही. जमादार भराभर लिहीत होते. माझं बोलून झालं तेव्हा मला हलकं वाटत होतं. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

जबाब घेतला की तो वाचून दाखवायचा असतो. जमादारांनी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "सदर खुर्च्या रिकाम्या दिसत असल्याने..." तांड्यातली चार माणसं जमली होती, तीही ऐकत होती. रूपाबाई चहाची कपबशी हातात घेऊन दारात थबकली. पागोट्याचं वाक्य आलं, तेव्हा म्हाताऱ्याचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

वाचून झालं.

"भाऊ," शेवटी म्हातारा म्हणाला, "मंग ती खुर्ची कोणाची व्हती?"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "गुत्तेदाराच्या मेहुण्याची," मी म्हणालो.

"अस्सं," तो म्हणाला. बराच वेळ तो पायावरच्या गोधडीची घडी सारखी करत राहिला. मग सुनेकडे न बघताच म्हणाला, "रूपा, आपल्याला कळाय पायजे व्हतं गं. आपल्याला कोण कशाला बोलावते."

जमादारांनी कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली. शरमेनं मान खाली घालायची होती ती मी, आणि घातली होती त्यानं.