पिवळ्या चौकटीतला धडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्या सहनशीलतेचा अंत झाला आहे, म्हणून बोलतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखीत होतो. पहिली काही वर्षे एका कार्यालयात राबलो, शाबासकी मिळवली. नवे यंत्र आल्यावर मला अडगळीत टाकले. तेथून एका वहिनींनी मला घरी आणले. त्या अंध मुलांसाठी पुस्तके तयार करतात. त्यांनी टंकलेला मजकूर मी ब्रेलच्या ठिपक्यांत बदलतो आणि कोपऱ्यातले छपाईयंत्र ते ठिपके गारा पडाव्यात तसा आवाज करीत कागदावर उठवते.

एकदा वहिनींच्या दिराने, म्हणजे भाऊजींनी, एक फुकटचा खेळ माझ्यात घातला. त्याबरोबर विषाणूही आला. दुरुस्तीवाले काका धावून आले आणि त्यांनी मला दोन रक्षक दिले. पहिला रक्षक पिवळी चौकट. अनोळखी फाईल तिच्यातच उघडायची. आत त्या फाईलने कितीही धुडगूस घातला तरी बाहेर धक्का लागत नाही, आणि चौकट बंद होताच आतले सारे नष्ट होते. दुसरा रक्षक माझी घडी विस्कटली तर मला मागच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेऊन बसवतो. मात्र तुम्ही लिहिलेला मजकूर तो पुसत नाही आणि परतही आणत नाही.

काकांनी हे सारे समजावले. वहिनींच्या लक्षात एवढेच राहिले की, पिवळ्या चौकटीत धोका नाही. मग त्यांनी काय करावे? विज्ञानाचा शेवटचा धडा त्या चौकटीतच टंकायला घेतला! अहो, चोराच्या कोठडीत कोणी दागिने ठेवते का?

परीक्षा तोंडावर आली होती. मुलांना शिकवणारे सर, जे स्वतःही अंध आहेत, दुसऱ्या दिवशी धडा तपासायला येणार होते. नेमके तेव्हाच छपाईयंत्र अडले.

"वहिनी, संगणकच बंद करून चालू करू. सगळ्या रोगांवर एकच औषध!" भाऊजी म्हणाले.

"तुमच्या औषधानं रोगी दगावायचा एक दिवस."

मी तातडीने पडद्यावर लिहिले, 'चौकटीतील सर्व काही कायमचे नष्ट होईल. पुढे जायचे?'

"हे काहीतरी विचारतंय, भाऊजी."

"त्याचं नेहमीचंच असतं. होय म्हणा."

वहिनींनी 'होय' दाबले. मी काय करणार? आज्ञा पाळली.

पुन्हा सुरू झालो तेव्हा वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी, माझा धडा कुठंय?"

"घाबरता काय? याला मागच्या महिन्यात नेऊन ठेवतो. धडा आपोआप येईल."

मला मागे नेले. धडा आला नाहीच. उलट गेल्या आठवड्यात आलेल्या नव्या छपाईयंत्राशी करून दिलेली माझी ओळखही पुसली गेली. तेलही गेले, तूपही गेले!

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी टेबलावरच्या कागदावरून बोटे फिरवली. कागद कोरा होता. वहिनींनी खाली मान घालून सारे सांगितले.

"पुसण्याआधी त्यानं काही विचारलं नव्हतं?" सरांनी विचारले.

"विचारलं होतं, सर. आम्ही वाचलं नाही."

सर म्हणाले, "माझा संगणक मला सगळं बोलून दाखवतो. कंटाळा आला तरी ऐकावं लागतं. पण बाई, तुम्हाला तर दिसत होतं."

 मग सर खुर्ची ओढून बसले. "चला. धडा मला तोंडपाठ आहे. मी सांगतो, तुम्ही टंका. पिवळ्या चौकटीच्या बाहेर! आणि भाऊजी, तुम्ही याचा प्रत्येक संदेश मोठ्यानं वाचून दाखवायचा."

दुरुस्तीवाल्या काकांनी छपाईयंत्राशी माझी पुन्हा ओळख करून दिली. धडा परीक्षेआधी मुलांच्या बोटांखाली पोहोचला. भाऊजी अजूनही माझे संदेश वाचतात. कपाळाला आठ्या घालून, पण वाचतात.

मित्रांनो, रक्षक कितीही चांगले असोत, कोणता रक्षक काय राखतो हे ठाऊक नसेल तर तेच घात करतात. मला ओरडता येत नाही, तुमचा हात धरता येत नाही. मी फक्त लिहू शकतो. निदान 'होय' म्हणण्यापूर्वी तेवढे वाचत जा.