थोरलीची मूठ

बारिराने झाड बुडाशी धरलं आणि मुळासकट उपटलं. पुन्हा जांभळं फूल. तिच्या चवळीला पांढरं फूल येतं, एकजात पांढरं, आणि बियाण्यासाठी लावलेल्या रानात दुसरं कुठलंच फूल चालत नाही. तिने ते झाड बांधाकडे भिरकावलं आणि वाकूनच पुढच्या झाडाकडे सरकली.

मालम झुबेरू, म्हणजे झुबेरू गुरुजी, आज येणार होते. बियाण्याची रानं तपासायला ते मारादी शहरातून फटफटीवर गावोगाव हिंडत. त्यांनी पास केलं तर हे रान बारिराचं राहणार होतं. नाही केलं तर ते थोरल्या दिराकडे जाणार होतं. तिच्या नवऱ्याने, तान्कोने, तिला आणि दिराला तसा शब्द दिला होता. तेव्हापासून दीर बांधावरून जाताना थांबून म्हणायचा, "काय झकास बाजरी येईल इथं!"

पुढचं झाड उपटून माती झटकताना तिचा हात थबकला. मुळांत शेळीच्या लेंड्या होत्या. आधी टाकलेलं एक झाड तिने उचलून पाहिलं. त्यातही लेंड्या.

तिने तर चिमूटभरही खत घातलं नव्हतं. मालमांनी पेरणीआधीच बजावलं होतं, "शेणखत नको, युरिया नको. वरून खत द्याल तर पाला कमरेएवढा आणि शेंगा नावाला. ही राखाडी स्फुरदाची पूड तेवढी द्या, तीही बियापासून चार बोटं बाजूला." दोन ओळींत एक लांब पाऊल, दोन झाडांत वीतभर जागा, हेही त्यांचंच. मधे बाजरी नाही, काही नाही. पाणवठ्यावर बाया खदखदून हसल्या होत्या. "बारिराच्या चवळ्यांचं आपापसांत भांडण झालंय वाटतं! कुणी कुणाशेजारी बसायला तयार नाही!"

म्हणजे ही झाडं आपोआप उगवलेली नव्हती. कुणीतरी ओळीतल्या मोकळ्या जागा हेरून बी टोचलं होतं आणि वर मूठभर लेंडीखत घातलं होतं. पेरणीनंतर बारिरा आजारी आईकडे गेली होती, तेव्हाच. परतल्यावर ओळी भरलेल्या दिसल्या, तर बिचारी हरखली होती.

घरी तेव्हा एकटी लान्ताना होती. तिची थोरली सवत.

आणि जांभळ्या फुलाची चवळी गावात दुसऱ्या कुणाकडे होती? लान्तानाच्या आईचं बी ते. लान्तानाच्या झोपडीच्या वळचणीला त्याचा तुंबा टांगलेला असे आणि वारा सुटला की आतलं बी खुळखुळे. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण बारिराने आजवर थट्टेतच घेतली होती. आता ती तिला खरी वाटली. आज संध्याकाळी तान्कोसमोर सोक्षमोक्ष लावायचा, असं तिने ठरवून टाकलं.

फटफटीचा आवाज आला.

"शीण कसा आहे, बारिरा?"

"शीण नाही, मालम. प्रवास कसा झाला?"

"उत्तम. घरचे कसे आहेत?"

"सगळे बरे आहेत."

बांधावरच्या ढिगाकडे मालमांनी पाहिलं. एका ओळीतून चालत गेले, दुसरीतून परत आले. मध्येच ते उकिडवे बसले आणि एका झाडाचा पाला बाजूला सारून त्यांनी पेराशी बोट लावलं. तिथे देठ जांभळा होता.

"फुललेली तू काढलीस. ज्यांना अजून फूलच आलं नाही, त्यांचं काय?"

"ती... ती पण काढते, मालम."

"ओळखणार कशी? खत पिऊन माजलीत, फुलायला वेळ लावणार. पाला पांघरून एकेक बसलंय. मी एक शोधलं, दहा राहिली असतील." ते उठून हात झटकत म्हणाले, "मला वाईट वाटतं, पोरी. पण उद्या हे बी दुसऱ्याच्या रानात जाईल."

 'मी नाही, माझ्या सवतीने केलं,' हे वाक्य बारिराच्या ओठांवर येऊन ठेपलं होतं. तेवढ्यात बांधावरून लान्ताना आली. पाहुण्यासाठी दूध-बाजरीची फुरा तिने डोक्यावरून आणली होती. भांडं उतरवताना तिची नजर ढिगावर गेली आणि तिथेच राहिली.

"ही का उपटलीस गं, नवरी?" लग्नाला सहा पावसाळे झाले तरी बारिरा तिच्यासाठी नवरीच होती.

"तुमचीच आहेत ना, याया?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं बारिरा सवतीला याया म्हणे. आज तिचा आवाज चिरकला. "यांच्यापायी रान जातंय माझं!"

लान्तानाने मालमांकडे पाहिलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.  मग लान्तानाने पदर कमरेला खोचला.

"मालम, फुरा गार आहे तोवर घ्या. माझं काम होईस्तोवर जाऊ नका."

ती ओळीत शिरली. पाला बाजूला न सारता, फूल न शोधता, सरळ वाकून एक झाड उपटलं. चार पावलं पुढे दुसरं. कडेच्या वारुळाजवळची दोन. बारिराला तिथे काही वेगळं दिसत नव्हतं, पण जिने टोचलं होतं तिला जागान् जागा ठाऊक होती. शेवटी पाठीला हात लावून ती म्हणाली, "आता बघा."

मालमांनी सगळ्या ओळी पुन्हा पाहिल्या. ऊन कलेपर्यंत पाहिल्या. बारिरा बांधावर नखं कुरतडत बसली होती.

"पास," ते म्हणाले आणि उरलेली फुरा पिऊन निघून गेले.

 लान्ताना उपटलेली झाडं शेळ्यांसाठी बांधायला लागली.

"याया, का केलंत?"

"पाणवठ्यावर हसत होत्या तुला. नवरीच्या रानात भोकं आहेत म्हणे. माझी आई असती तर म्हणाली असती, धाकटीच्या रानात थोरलीची मूठ पडली नाही म्हणून." तिने गाठ आवळली. "मला काय ठाऊक, भोकंच पेरायची असतात आताशा."

"तुंब्यात किती उरलंय?"

"मूठ कुणी अर्धी टाकतं का गं?"

भारा डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

संध्याकाळी वारा सुटला. लान्तानाच्या वळचणीचा तुंबा झोपडीच्या कुडावर आपटत होता आणि त्यातून काहीच वाजत नव्हतं. किती दिवस वाजत नसेल, बारिराला आठवेना.

ती शेळ्यांपाशी गेली. भाऱ्यातून लेंडीमातीचा गोळा मुळाशी धरून राहिलेलं, अजून न फुललेलं एक झाड तिने ओढून काढलं. लान्तानाच्या दाराशी, हातपाय धुतल्याचं पाणी जिरतं तिथे खड्डा केला, झाड लावलं, माती दाबली.

आतून आवाज आला.

"कुडाला चिकटवू नकोस. वीतभर जागा सोड."