भिंतीत राहिलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. पण मला पाहायला आलात तर तुम्हाला दार दिसणार नाही. रंगवलेली गुळगुळीत भिंत दिसेल. तिला कान लावलात तर कदाचित मी सापडेन.

सुताराने मला जाड फळ्यांचे केले आणि कडांना लोकरी कापडाची पट्टी ठोकली, कारण माझे काम नाजूक होते. माझ्या एका बाजूला चष्म्याच्या काचा घासायची खोली होती. तिथे उजेड, पाणी आणि यंत्राची घरघर. दुसऱ्या बाजूला डोळे तपासायची अंधारी खोली. तिथे बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेली माणसे बसत. एकदम उजेड शिरला की त्यांचे डोळे दिपत. म्हणून काचा घासणारे बाबा मला ढकलण्याआधी नेहमी वाजवत. ठक-ठक, जरा थांबून, ठक. आतून त्यांची मुलगी "या" म्हणे आणि मगच मी उघडत असे. गिऱ्हाइके कौतुकाने म्हणत, "या घरातलं दारसुद्धा विचारून उघडतं."

मग बाबा वारले. काचा घासायला मुलीचा धाकटा भाऊ बसला, त्याची ताई डोळे तपासत राहिली. एकदा नवा चष्मा घालून निघालेले एक आजोबा आमचीच पायरी चुकले आणि पडले. कमरेचे हाड मोडले.

"नंबर चुकीचा काढलास, ताई."

"नंबर बरोबर होता. काच तू तिरकी बसवलीस."

चूक कोणाची, हे मला आजही ठाऊक नाही. बोलणे तुटले, आणि घराच्या वाटणीचा दावा न्यायालयात गेला.

त्याच दिवसांत मी वाजू लागले. रोज दिवेलागणीला, ठक-ठक, जरा थांबून, ठक. लाकूड तापते, निवते, मग तडकते, हे मला माहीत आहे. पण तडकणारे लाकूड मध्ये थांबून पुन्हा तडकत नाही. आणि माझ्या दोन्ही अंगांना तेव्हा कोणाचाही हात नसे.

"काय रे, दार वाजवून छळतोस?" ताई मला उघडून विचारी.

"मी यंत्रावर बसलोय, दिसत नाही? डोळे तपास स्वतःचे. तूच वाजवतेस."

न्यायालयाने लवाद म्हणून एका निवृत्त न्यायाधीशबाईंना नेमले. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंचे ऐकून निवाडा देणारे तिसरे माणूस. वाटणी याच घराची, म्हणून बैठकाही काचांच्या खोलीतच होत. पहिल्याच दिवशी ताई म्हणाली, "बाई, तुमचा चष्मा डाव्या कानावर वर चढलाय." भावाने तो घेतला, पकडीने काडी वाकवली आणि ताईच्या हातात दिला. तिने तो लवादबाईंच्या नाकावर नीट बसवला. तेवढा वेळ मला वाटले, हे भांडण मिटले. मग दोघांनी आपापल्या खुर्च्या मागे ओढल्या. दार वाजवून छळतात अशी तक्रार दोघांनीही एकमेकांविरुद्ध मांडली, आणि मला बुजवून टाकायची गोष्ट निघाली.

पुढे एकदा ताई बाहेर गेलेली असताना भाऊ लवादबाईंजवळ आला. "बाई, त्या दाराबद्दल सांगायचं होतं. आमचे बाबा..."

"थांबा. तुमची ताई इथे नाही. एकट्याचं ऐकलं तर माझ्या निवाड्याला काही अर्थ उरणार नाही. तिच्यासमोर सांगा."

दुसऱ्या खेपेला ताई लवकर आली. "बाई, ते दार तेवढं बंद करू नका. संध्याकाळी तिथं बाबा..."

लवादबाईंनी हात वर केला. "त्याच्यासमोर बोला."

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या नियमामुळेच दोघांचा त्यांच्यावर विश्वास होता. पण दोघांच्या मनात एकच गोष्ट आहे, हे फक्त मला कळले होते. आणि मला काही बोलता येत नव्हते.

शेवटच्या बैठकीत लवादबाईंनी विचारले, "दाराबद्दल कोणाला काही म्हणायचंय?"

भावाने ताईकडे पाहिले. ताई माझ्याकडे पाहत होती. लवादबाई पेन हातात धरून बराच वेळ थांबल्या. मी सगळे बळ एकवटून वाजायचा प्रयत्न केला. कडी हलली नाही, फळी कुरकुरली नाही. तो आवाज माझा कधी नव्हताच.

"त्रास बंद झाला म्हणजे झालं," भाऊ म्हणाला.

"माझंही तेच," ताई म्हणाली.

निवाड्यात लिहिले गेले: दार कायमचे बंद करावे. गवंड्याने मला जागेवरच ठेवून दोन्ही अंगांनी विटा रचल्या. शेवटची वीट बसेपर्यंत, माझ्या कडेची पट्टी झिजली होती तिथे, एक फट राहिली होती. तिच्यातून उजेडाचा पट्टा अंधाऱ्या खोलीत पडला. ताईने डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, असे मी आता कोणाला सांगू? पण तुमच्या घरात एखादे दार अजून उघडत असेल, तर मनातले बोलणे दोघे समोरासमोर असतानाच बोलून टाका. ऐकणारा कितीही न्यायी असला, तरी न बोललेले त्याला ऐकू येत नाही.

आता दिवे लागायची वेळ झाली आहे. पलीकडे भावाने यंत्र थांबवले आहे. रोज याच वेळी थांबवतो.

ठक-ठक. जरा थांबून, ठक.

अंधाऱ्या खोलीतून ताई हळूच म्हणते, "या."

आणि मला उघडता येत नाही.