शुक्रवारपुरतं गणित

विद्यापीठातून फोन आला तेव्हा ओफेलिया बॅरिएन्तोस गॅरेजमधल्या आपल्या पार्लरात मिसेस पुलमच्या पांढऱ्या केसांना रोलर लावत होती. फोनवरचा माणूस फार सभ्य होता. तिच्या मुलाचा, एलियासचा अमेरिकन फुटबॉल त्यांना आवडला होता, अजूनही आवडत होता, पण शिष्यवृत्ती आता देता येणार नव्हती. खेळाडूला आत घ्यायचं तर शाळेत ठरावीक विषय झालेले लागतात, आणि एलियासने दहावीपासून जे गणित केलं ते त्या विषयांत धरत नाहीत. "शाळेत कुणीतरी तुम्हाला हे सांगितलंच असेल," तो म्हणाला.

कुणीही सांगितलं नव्हतं. ओफेलियाने उरलेले रोलर लावले, म्हातारीला ड्रायरखाली बसवलं आणि अ‍ॅप्रन न काढताच ती शाळेकडे निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

फेब्रुवारीत याच शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं होतं. विद्यापीठाची टोपी घालून एलियासने तिथे खेळायच्या करारावर सही केली होती, केकसुद्धा विद्यापीठाच्या रंगाचा होता आणि अख्खं मेरिडेल गाव टाळ्या पिटत होतं. त्या दिवशी श्रेय घ्यायला रांग लागली होती. मुख्याध्यापकांनी भाषण केलं, समुपदेशक बाईंनी डोळे पुसले, आणि कोच स्ट्राउड तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "लेकरू मार्गी लागलं, मॅम." आज दोष घ्यायला यातलं कोण पुढे येतं ते तिला बघायचं होतं.

पहिल्यांदा ती मुलांचे विषय बघणाऱ्या समुपदेशक मिसेस हॅव्हरकॅम्पकडे गेली. बाईंनी संगणकात पाहिलं आणि चेहरा पाडला. चेहरा पाडायची त्यांना सवयच होती.

"खेळाडूंचं वेळापत्रक कोच ठरवतात हो. मी त्यात पडत नाही."

"मग तुम्ही कशात पडता?"

"अख्ख्या शाळेची मुलं माझ्या एकटीच्या गळ्यात आहेत, ओफेलिया. विद्यापीठवाल्यांशी बोलणंही कोचच करतात. मला वाटलं, ते बघतायत."

"ते गणित चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

बाईंनी टेबलावरचं पेन उचलून पेल्यात ठेवलं. "मला कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

ओफेलिया उठली. इथे आणखी बसले तर तो पेला भिंतीवर जाईल, हे तिला कळत होतं.

मैदानाच्या कडेला खेळाडूंची इमारत होती. वजनं उचलायची खोली, कपाटं, आणि शेवटी ती खोली जिथे "पैशाचं गणित" चालायचं. शिकवायला कोचचा मदतनीस. मुलं चेक कसा लिहायचा ते दहा मिनिटं गिरवायची आणि मग पुढच्या शुक्रवारी ज्या संघाशी खेळायचं त्याच्या आधीच्या सामन्यांच्या फिती भिंतीवर बघायची. या वर्गात आजवर कुणी नापास झालं नव्हतं. होणार तरी कशात?

टेक्सासात नियम सरळ आहे. नापास झालं की तीन आठवडे सामन्यात उतरायचं नाही. दहावीच्या हंगामात एलियास बीजगणितात बुडायला लागला होता आणि त्या शुक्रवारी शेजारच्या सॉल्ट ड्रॉ गावाशी सामना होता. सॉल्ट ड्रॉशी हरण्यापेक्षा मेरिडेलला दुष्काळ परवडतो. कोचने बुधवारी एलियासला बीजगणितातून उचललं आणि या खोलीत आणून बसवलं. शुक्रवारी पोराने सॉल्ट ड्रॉची दाणादाण उडवली. शनिवारी लोक रस्त्यात गाड्या थांबवून ओफेलियाला मिठ्या मारत होते. बीजगणिताचं पुढे काय, हे त्या मिठ्यांत कुणी विचारलं नाही.

कोच स्ट्राउड अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिटी अडकवून उभे होते. माणूस वाईट नव्हता, आणि तिचा राग नेमका त्यामुळेच अडत होता.

"मला फोन आला होता त्यांचा," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं, मॅम."

"वाटू दे. त्याला तिथून काढलं कुणी?"

"मी. काढला नसता तर तो बाहेर बसला असता. बाहेर बसला असता तर विद्यापीठाने त्याला पाहिलाच नसता." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "त्या वर्षी नाताळात तुम्ही मला तमाले आणून दिले होते. चांगले डबाभर. अजून आठवतात."

हे तिच्या वर्मी लागलं, कारण खरं होतं. आभार मानायला दिवसभर मक्याचं पीठ मळून, पानांत गुंडाळून तिने ते तमाले वाफवले होते. पोराचा गळा कापणाऱ्याला तिने स्वतःच्या हाताने जेवू घातलं होतं.

"पुढचं कोण बघणार होतं?" तिने विचारलं.

"पुढचं समुपदेशक बघतात."

"त्या म्हणतात तुम्ही."

"त्या तसं म्हणणारच."

"म्हणजे त्या तुमच्यावर ढकलणार, तुम्ही त्यांच्यावर. मग माझ्या पोराचं बघत कोण होतं, कोच?"

कोच शिटीशी चाळा करत राहिले. "साधारणपणे घरचे बघतात, मॅम."

घरचे! एलियासचा बाप तेलविहिरींवर, महिन्यातून दोनदा घरी. आणि नववीत याच माणसाने सगळ्या आईबापांना जमवून सांगितलं होतं, पोरांना पोटभर खाऊ घाला, वेळेवर झोपवा, बाकी आमच्यावर सोपवा. तिने सोपवलं होतं. वर्गात काय चाललंय म्हणून एकदा विचारायला गेली तर कोच हसून म्हणाले होते, काळजी कशाला करता. आता बैल गेल्यावर हे तिला गोठ्याचा पत्ता विचारत होते.

"तुम्हीच म्हणाला होतात, आमच्यावर सोपवा," ती म्हणाली.

"खेळाबद्दल म्हणालो होतो."

ती घरी आली. अंगणात एलियासची पाटी उभी होती. हंगामात खेळाडूच्या घरापुढे त्याच्या नंबराची पाटी लावतात. एलियासची बावीस नंबरची, लाकडी, शाळेच्या रंगात रंगवलेली. हंगाम कधीच संपला होता, पण काढायचं तिच्या जिवावर आलं होतं. आज तिने ती दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली.

मिसेस पुलम ड्रायरखालून बाहेर येऊन दारात उभी होती, रोलर डोक्यावर तसेच. "कुठे नेतेस गं ती?"

"कोचच्या अंगणात लावते."

म्हातारीला धक्काच बसला. कोचच्या अंगणात पाट्या लागतात त्या एकाच कारणासाठी. संघ हरत सुटला की लोक 'घर विकणे आहे' अशा पाट्या आणून ठोकतात, म्हणजे बाबा, आता गाव सोड. स्ट्राउडच्या अंगणात तसली पाटी कधी लागलीच नव्हती.

"अगं, पण तो तर जिंकतो," म्हातारी म्हणाली.

"तो जिंकतो. पोरं हरतात," ओफेलिया म्हणाली आणि पाटी गाडीत टाकली. मे महिन्यातही कोचचं गवत हिरवंगार होतं. त्या मऊ जमिनीत पाटी फार कष्ट न पडता रुतली.

संध्याकाळी कोच स्वतः ती परत घेऊन आले. एलियास पायरीवर बसला होता.

"ही चुकून आमच्याकडे आली, मॅम."

"चुकून नाही आली."

"अमा, पुरे," एलियास आईला म्हणाला. "कोचमुळेच मी कुणीतरी झालो."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

त्याने कोचकडे पाहिलं. तिला त्याचाही राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं, ते तिने गिळलं.

कोच म्हणाले, "हे बघ, एलियास, दोन वर्षांचं कॉलेज आहे. तिथली गणिताची चाचणी उन्हाळ्यात पास हो. दोन वर्षं काढ, मग विद्यापीठ पुन्हा बघेल म्हणतंय. मी फोन करतो तिथे."

"त्याच्यासाठी आता कुणाला फोन करू नका," ओफेलिया म्हणाली. "करायचाच असेल तर त्या खोलीत आज जी पोरं बसलीत, त्यांच्या आयांना करा. सांगा की हे गणित पुढे चालत नाही."

"ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, मॅम. मला संघ उभा करायचाय."

"म्हणजे नाही करणार."

हातातली पाटी कोचने तिच्या अंगणातल्या जुन्या खड्ड्यात बसवली, सवयीने टाचेने माती दाबली, सरळ उभी आहे ना ते पाहिलं.

"मग मी सांगेन," ओफेलिया त्यांच्या पाठीला म्हणाली. "त्या सगळ्या आया माझ्याच खुर्चीत बसतात. तुझी बायकोसुद्धा."

कोच गाडीत बसून निघून गेले. शनिवारी कुणाकुणाचं डोकं आपल्या हाताखाली येणार, ते ओफेलियाने तिथेच उभ्या उभ्या आठवून घेतलं. अर्ध्या जणी ऐकणार नाहीत, उलट पार्लर बदलतील. बदलू देत.

ती आत आली तेव्हा धाकटी येसेनिया स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहावीचं बीजगणित पसरून बसली होती. तिच्या समोर एलियास. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. राज्यभरच्या धिप्पाड पोरांना आडवं करणारा तो, पेन्सिल अशी धरून बसला होता जशी ती चावेल.

"हा एक्स तिकडे का न्यायचा?"

"नेत नाहीत रे. दोन्हीकडून सारखंच वजा करायचं. थांब, दाखवते."

ओफेलिया तव्यावर टॉर्टियाच्या पोळ्या शेकत ऐकत राहिली. सप्टेंबरात येसेनियाही याच विषयात नापास झाली होती. चार दिवस रडली, पुस्तक भिंतीवर आपटलं, पुन्हा उचललं, शाळा सुटल्यावर गणिताच्या बाईंपुढे जाऊन बसायला लागली आणि नाताळापर्यंत पास झाली. घरात त्याचं कुणी फारसं कौतुक केलं नाही. तेव्हा एलियासचे सामने चालू होते.

एलियासने तिची वही जवळ ओढली. "तू नापास झालीस, तेव्हा तुला नाही बदलून दिला वर्ग?"

"नाही," येसेनिया खोडरबर शोधत म्हणाली. "मला न्यायला कोण येतंय? माझ्यावाचून शुक्रवारी कुणाचं काही अडत नव्हतं."